बाहेर जाणाऱ्या पैशाचा हिशोब एकदा नीट मांडा

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात काय झालं ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. सोयाबीन उभ्या रानात सडलं, नदीकाठच्या जमिनी खरडून खालचा मुरूम उघडा पडला, दावणीची जनावरं वाहून गेली. नंतर पंचनामे, याद्या, ई-केवायसी, खात्यावर आले का नाही आले हे सगळं सुरू असताना आमच्याकडं एक वाद पेटला आणि तो अजून विझलेला नाही. वाद असा की शेतकऱ्याला द्यायची वेळ आली की तिजोरीत खडखडाट असतो, पण नामिबियातून चित्ते आणायला पैसा निघतो, जगभरच्या वाघ-सिंह-बिबट्यांसाठी इंटरनॅशनल बिग कॅट अलायन्स काढायला १५० कोटी निघतात, परदेशातल्या पर्यावरण परिषदांना शिष्टमंडळं जातात. पारावर, आठवडी बाजारात, लग्नाच्या मांडवात, सगळीकडं हेच. आणि समोरून शहरातली निसर्गप्रेमी मंडळी उत्तर देतात ते असं की प्रत्येक जिवाला जगायचा हक्क आहे, पृथ्वी काय एकट्या माणसाची आहे का, गावाकडच्या लोकांना याचं महत्त्वच कळत नाही. एक बाजू खर्चाचा आकडा बघते आणि तिथंच थांबते, दुसरी बाजू आकडा बघायलाच तयार नाही, आणि ज्याचं रान वाहून गेलंय त्याला वाघाच्या हक्काची भाषा ऐकवणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. देशाबाहेर पसरलेल्या जैवविविधतेच्या कामांना भारत सरकारनं पैसा दिला पाहिजे, आत्ता देतंय त्याहून जास्त दिला पाहिजे, आणि ही मागणी करण्यात मराठवाड्याचा शेतकरी सगळ्यात पुढं असायला पाहिजे, कारण या कामांचा फायदा त्यानं भरपूर घेतलाय, फक्त त्याला ते कुणी सांगितलं नाही. यात दयाधर्म कुठंच येत नाही. आपण जगाकडून घेतलंय, अजून घेतोय, आणि घेणाऱ्यानं आपला वाटा टाकायचा असतो. भांडायचंच असेल तर तो पैसा नेमका कोणत्या कामाला जातो आणि त्या कामाचा भुर्दंड कुणाच्या बोडक्यावर बसतो यावर भांडा, तिथं मी तुमच्या बाजूनं उभा आहे.

आधी आकडा बघू, कारण तो सगळ्यांच्या तोंडी आहे. बिग कॅट अलायन्सला केंद्रीय मंत्रिमंडळानं फेब्रुवारी २०२४ मधे मंजूर केले ते १५० कोटी पाच वर्षांसाठी, म्हणजे वर्षाला ३० कोटी. राज्य सरकारनं ऑक्टोबर २०२५ मधे अतिवृष्टीसाठी जाहीर केलेलं पॅकेज ३१,६२८ कोटींचं. अलायन्सचा वर्षाचा पैसा त्या पॅकेजच्या हजाराव्या हिश्श्याएवढासुद्धा भरत नाही. पण इथं थांबून "बघा, किती किरकोळ रक्कम आहे" म्हणणारे लोक मला पटत नाहीत. आपत्ती निधीच्या निकषानं कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये मिळतात, त्या भावानं ३० कोटींत ३५ हजार हेक्टरला एकदाची मदत होते, आणि ज्याचं दोन हेक्टर रान आहे त्याच्यासाठी ते १७ हजार म्हणजे पुढच्या पेरणीचं बी आणि खत असतं. रक्कम किरकोळ आहे हे ज्याचं पोट भरलेलं आहे त्यालाच सुचतं. माझं म्हणणं दुसरंच आहे. हा पैसा वाचवून शेतकऱ्याच्या पदरात जेवढं पडेल असं तुम्हाला वाटतं, त्याच्या कैक पट त्याच्या पदरातून जातं जेव्हा असली कामं होत नाहीत. आणि हे घडून गेलंय, अंदाजपंचे बोलायची गरज नाही.

गिधाडांचं घ्या. चाळिशीच्या पुढच्या कुणालाही विचारा, गावाबाहेर, बहुतेक ओढ्याच्या पलीकडं, मेलेली ढोरं टाकायची एक जागा असायची. सकाळी बैल नेऊन टाकला, कातडं सोलून झालं की आभाळात ठिपके दिसायला लागायचे, मग एकेक करत ती थोराड पाखरं खाली उतरायची, पंख अर्धे पसरून एकमेकांना ढकलत, उघडी मान आत खुपसत, आणि दिवस कलायच्या आत तिथं नुसता हाडांचा सापळा उरायचा. १९९० च्या पुढं ती कमी कमी होत गेली आणि काही वर्षांत दिसेनाशीच झाली. भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांच्या वर संपली. गावात लोक म्हणायचे की दुसरीकडं कुठं गेली असतील. गेली कुठंच नव्हती, मरत होती, आणि का मरतायत ते शास्त्रज्ञांना पण बरीच वर्षं कळत नव्हतं, कुणी साथीचा रोग म्हणायचं, कुणी कीटकनाशक म्हणायचं.

उत्तर सापडलं ते पाकिस्तानात. अमेरिकेतल्या पेरेग्रीन फंड या संस्थेच्या लोकांनी पाकिस्तानी पंजाबमधे मेलेली गिधाडं गोळा करून फाडून तपासली, आणि लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मधे जाहीर केलं की जनावरांना दुखण्यावर टोचतात ते डायक्लोफेनॅक मेलेल्या ढोराच्या मांसात राहतं आणि ते खाल्लं की गिधाडाच्या किडन्या निकामी होतात. मग पुढचा प्रश्न शेतकऱ्याचाच होता, की हे औषध बंद केलं तर पाय सुजलेल्या बैलाला द्यायचं काय? त्याला पर्याय म्हणून मेलॉक्सिकॅम गिधाडांना चालतं का याची चाचणी झाली दक्षिण आफ्रिकेत, तिथल्या गिधाडांवर. हरियाणात पिंजोरला गिधाडांचं केंद्र उभं राहिलं ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कष्टानं, पण सुरुवातीचा पैसा होता ब्रिटिश सरकारच्या डार्विन इनिशिएटिव्ह नावाच्या फंडाचा. २००६ मधे भारतानं जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक बंद केलं, आणि तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात येतच राहिल्या म्हणून २०१५ मधे त्या ३ मिलीच्या करायला लावल्या. म्हणजे बघा, आपल्या ओढ्याकाठचा प्रश्न सोडवायला शोध लागला पाकिस्तानात, चाचणी झाली आफ्रिकेत, पैसा आला लंडनहून. आता त्या वेळी एखाद्या इंग्रज करदात्यानं विचारलं असतं की आमच्या दवाखान्यांत रांगा लागल्यात आणि तुम्ही भारतातल्या मढी खाणाऱ्या पाखरांवर कशाला उधळताय, तर त्याचा प्रश्न आपल्या पारावरच्या प्रश्नापेक्षा वेगळा होता का?

आणि गिधाडं गेल्याचा हिशोब नंतर लागला. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थतज्ज्ञांनी जिल्ह्याजिल्ह्यातल्या मृत्यूंचे आकडे ताडून २०२४ मधे मांडलं की २००० ते २००५ या काळात गिधाडं नाहीशी झाल्यामुळं देशात सुमारे पाच लाख माणसं जास्तीची मेली. सडणारी ढोरं, त्यानं नासलेलं पाणी, वाढलेली कुत्री, पिसाळलेल्या कुत्र्यांचे चावे. नुकसानीचा त्यांचा अंदाज वर्षाला ६९ अब्ज डॉलरच्या वर जातो. ही माणसं कुठली होती? जिथं ढोरं जास्त आणि गिधाडं राहायला योग्य मुलूख, तिथली, म्हणजे आपल्यासारख्याच गावांमधली. आज त्या ओढ्याकडं गेलं तर कुत्र्यांचं टोळकं दिसतं, शेळीचं करडू एकटं सापडलं तर ठेवत नाहीत, शाळेच्या वाटेवर पोरांच्या हातात काठी द्यावी लागते, आणि ढोर पुरायचं म्हणलं तर जेसीबीचं भाडं बघून माणूस ते तसंच ओढत नेऊन टाकतो. जे काम पाखरं फुकट करत होती त्याची किंमत आपण ती गेल्यावर भरायला लागलो. गिधाडं मरायला लागली तेव्हाच पहिल्या दोन-चार वर्षांत कुणी तपासाला थोडा पैसा घातला असता तर? थोडाच लागला असता.

सरहद्दीपलीकडच्या कामाला पैसा देणं सरकारला नवीन पण नाही. २०२० ला टोळधाड आली, मे महिन्यात मोर्शी-वरूड-काटोलपर्यंत पोचली, मराठवाडा वाचला पण धसका सगळ्यांनी घेतला होता. टोळ वाढतात इराण आणि बलुचिस्तानच्या वाळवंटात. म्हणून भारतानं त्या वर्षी इराणला मॅलॅथिऑन हे कीटकनाशक २५ टन पाठवलं. तेव्हा कुणी नाही म्हणलं की इराणच्या वाळवंटात आमचा पैसा कशाला. शेजाऱ्यानं फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही उभी कपाशी, ठेवली तर आपल्या कपाशीवरची बोंडअळी हटत नाही, हे कापूस लावणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही, आणि इथं तो शेजारी दुसऱ्या देशात राहतो एवढाच फरक. नाथसागरावर हिवाळ्यात पट्टकदंब येतात, हिमालय ओलांडून, आणि त्यांची घरटी मंगोलिया-तिबेटकडच्या तळ्यांवर असतात. पैठणला कितीही पहारा ठेवा, तिकडची तळी आटली तर इकडं पाखरू येणार नाही.

आता या वादातला सगळ्यात जोरदार मुद्दा, आधी माणूस मग जनावर. हा मुद्दा हसण्यावारी नेणारे लोक मला आवडत नाहीत. उपाशी माणसासमोर दुसरं काही बोलू नये ही आपली रीत आहे आणि ती चांगली रीत आहे. पण म्हणूनच मी म्हणतो की १९७२ आठवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, खडी फोडायची कामं, पाझर तलावाची कामं, सुकडी, आणि रेशनवर मिळणारी अमेरिकेची ती लाल मिलो. त्याहून वाईट साल मराठवाड्यानं त्यानंतर क्वचित बघितलं. आणि त्याच सालात, मे महिन्यात परभणीला कृषी विद्यापीठ सुरू झालं. त्याच सालात हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली, जमीन आपल्या सरकारनं दिली आणि चालवायचा पैसा मुख्यतः परदेशी सरकारांचा आणि फाउंडेशनांचा. तिचं एक मोठं काम म्हणजे देशोदेशी फिरून ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग यांची गावरान आणि रानटी बियाणं गोळा करायची, सुकवायची, नंबर टाकून थंड खोलीत ठेवायची. आज तिथं एक लाखाच्या वर नमुने आहेत. लोक मिलोच्या भाकरी खात असताना देशोदेशीच्या डोंगरातलं बी पाकिटात भरून ठेवणं, त्याच न्यायानं बघितलं तर याच्याइतकी चैन दुसरी नव्हती. पैसा तेव्हा मिलोसाठी वळवला असता तर काही दिवसांची भाकरी झाली असती.

वळवला नाही म्हणून काय झालं ते तुरीच्या रानात बघा. तुरीला वांझ रोग येतो. पान बारीक होतं, त्यावर फिकट पिवळे ठिपके पडतात, झाड खालून वर गच्च हिरवं झुडूप होऊन बसतं आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं काय जोमदार तूर आहे, जवळ जाऊन फांदी धरली की ना फूल ना शेंग. डोळ्याला न दिसणारा एक बारका कोळी हा रोग पसरवतो, फवारणीनं तो फारसा आवरत नाही, झाडाच्या अंगातच ताकद असावी लागते. बदनापूरच्या संशोधन केंद्रानं या रोगाला दाद न देणारे बीएसएमआर नावाचे वाण काढले, आणि त्या पैदाशीत इक्रिसॅटच्या संग्रहातली तूर वापरलेली आहे. जालना, बीड, परभणीच्या रानातून गेली कित्येक वर्षं ती तूर निघतेय. तसंच परभणी क्रांती भेंडीचं, १९८५ ची. केवडा रोगानं भेंडी पिवळी पडायची, तेव्हा विद्यापीठानं नेहमीच्या भेंडीचा तिच्या रानटी भाऊबंदाशी संकर केला आणि रोगाला टिकणारी भेंडी आली. ज्याला आपण तण म्हणून उपटून फेकलं असतं त्याच्यातून ही ताकद आली. जैवविविधता म्हणजे वाघ आणि मोर असं जे शाळेतल्या फलकावर असतं त्यानं फार नुकसान केलंय. शेतकऱ्यासाठी ती कुठल्यातरी खडकाच्या फटीत उगवलेली रानटी तूर असते.

हरभऱ्याचं तर याहून सरळ आहे. रब्बीला आपल्याकडं नजर जाईल तिथपर्यंत हरभरा असतो. त्याचा मूळ रानटी पूर्वज जगात फक्त आग्नेय तुर्कस्तानच्या डोंगरांत सापडतो, दुसरीकडं कुठंच नाही. हजारो वर्षं माणसानं निवडत निवडत आणलेल्या हरभऱ्यात मूळ झाडाचे बरेच गुण गळून गेलेत, त्यामुळं उद्या झाड वाळवणारा नवा मर रोग आला, उष्णता वाढली, तर ते गुण परत आणायला त्याच डोंगरात जावं लागतं. काही वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांची एक टीम तिथं जाऊन ती झाडं नव्यानं गोळा करून आली, त्याला अमेरिकेच्या यूएसएड या परदेशी मदत देणाऱ्या सरकारी संस्थेचा पैसा होता. ती यूएसएड २०२५ मधे तिथल्या सरकारनं गुंडाळली. तुर्कस्तानातला तो डोंगर चराईत, धरणात, खाणीत गेला तर उमरग्याच्या किंवा औशाच्या शेतकऱ्याला त्याच दिवशी कळणार नाही, कळेल वीस वर्षांनी जेव्हा मर रोगाला तोड मिळणार नाही. मग त्या डोंगराची राखण कुणी करायची? तुर्कस्तानानं एकट्यानं? हरभरा जगात सगळ्यात जास्त पिकवतो आणि खातो तो भारत.

सीरियात युद्ध पेटलं तेव्हा काय झालं ते पण सांगतो. अलेप्पोजवळ इकार्डा या संस्थेची मोठी बीजपेढी होती, हरभरा, मसूर, गहू, जव. युद्धामुळं तिथं काम करणं अशक्य झालं. पण त्या बियाण्याच्या प्रती नॉर्वेच्या स्वालबार्डमधे डोंगराच्या पोटात ठेवलेल्या होत्या, नॉर्वे सरकारनं स्वतःच्या खर्चानं बांधलेल्या कोठारात, २००८ पासून. २०१५ मधे इकार्डानं तिथून बी परत काढलं आणि मोरोक्को आणि लेबनॉनमधे पुन्हा वाढवलं. नॉर्वेत हरभरा पिकत नाही. तरी त्यांनी कोठार बांधलं, आणि इक्रिसॅटची आपली ज्वारी-तूर पण तिथं ठेवलेली आहे.

इथपर्यंत मी माझी बाजू मांडली. आता विरोधकांचं जे मला खरंच अडवतं ते. पहिलं आणि मोठं म्हणजे माळढोक. आपल्या धाराशिवच्या शेजारी, सोलापूर-नगर भागात १९७९ मधे माळढोक अभयारण्य झालं, कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात गावं, शेतं, रस्ते सगळं आलं. जमिनीचे व्यवहार अडले, विहीर-बांधकामाला परवानग्या लागल्या, लोकांना मोबदला काही नाही, आणि ज्या पाखराला म्हातारी माणसं कौतुकानं दाखवायची त्याच पाखराचा लोक राग राग करायला लागले. पुढं ते क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं, तोवर माळढोक महाराष्ट्रातून जवळजवळ संपलाच होता. आज देशात दीडशेच्या आसपास उरलेत, बहुतेक राजस्थानात. म्हणजे कायदा केला, पैसा दिला नाही, माणसांना विचारलं नाही, आणि पक्षी पण गेला. हे उदाहरण कुणी माझ्या तोंडावर फेकलं तर मी ते झेलतो. पण पुढची गोष्ट पण ऐका. जैसलमेर भागात माळढोकाची पिल्लं कृत्रिम रेतनातून जन्माला यायला लागली, पहिलं ऑक्टोबर २०२४ मधे, आणि ते तंत्र आपले शास्त्रज्ञ शिकले अबुधाबीत. तिथल्या सरकारनं होउबारा नावाच्या माळढोकाच्याच चुलत भावासाठी वर्षानुवर्षं पैसा ओतला होता, स्वतःच्या बहिरी ससाण्यांच्या शिकारीच्या हौसेपोटी का होईना. सोलापूरकडच्या त्या माळावर, नन्नजमधे, जे गमावलं ते परत आणायची थोडीफार आशा आहे ती दुसऱ्या एका देशानं केलेल्या खर्चावर.

दुसरं म्हणजे कुनो. मध्य प्रदेशातल्या त्या जंगलातून २४ गावं उठवली, बहुतेक सहरिया आदिवासींची, गीरच्या सिंहांना दुसरं घर करायचं म्हणून. २०१३ मधे सुप्रीम कोर्टानं सिंह हलवायचा आदेश दिला. सिंह आले नाहीत. २०२२ आणि २०२३ मधे नामिबिया आणि दक्षिण आफ्रिकेतून वीस चित्ते आले. यातले ५० कोटींहून जास्त रुपये इंडियन ऑइल देणार असं ठरलं होतं, त्यामुळं सगळा पैसा तिजोरीतून गेला हे खरं नाही, पण माझी हरकत पैशाबद्दल नाहीच. चित्त्याचं मूळ घर म्हणजे माळरान, आणि आपल्याकडचं माळरान सरकारी दप्तरात अजून पडीक म्हणूनच लागतं, त्यावर कधी झाडं लावायची मोहीम येते, कधी सोलर येतो, कधी एमआयडीसी. जिथं लांडगा, खोकड, काळवीट आत्ता जिवंत आहेत त्या माळाला पैसा नाही आणि समुद्रापलीकडून जनावर आणून फोटो काढायला आहे, याचा राग येत असेल तर तो बरोबर आहे. जे दिसायला देखणं त्याला पैसा मिळतो, हा संवर्धनाच्या जगाचा जुना आजार आहे. बिग कॅट अलायन्समधे पण सात मोठ्या मांजरी आहेत, गवत कुठंच नाही.

तिसरं, माणसांवर होणारा अन्याय. २०१९ मधे आफ्रिकेतल्या आणि नेपाळमधल्या काही अभयारण्यांबद्दल बातम्या आल्या की डब्ल्यूडब्ल्यूएफ या वन्यजीव राखणाऱ्या जागतिक संस्थेची मदत मिळणाऱ्या वनरक्षकांनी स्थानिक लोकांना मारहाण केली, त्याहून वाईट केलं. संस्थेला स्वतंत्र चौकशी नेमावी लागली, काही सरकारी निधी थांबला. बाहेरचा पैसा आला की बंदुका आणि गाड्या आधी येतात आणि गावचा माणूस चोर ठरतो हे अनेक ठिकाणी झालंय. यावर माझं उत्तर एवढंच आहे की पैसा थांबवून हे सुटत नाही. सरकारचा पैसा असेल तर सरकारला जाब विचारता येतो, संसदेत प्रश्न येतो, कॅगचा ताशेरा येतो. खासगी देणगीदाराला कुठल्या गावानं जाब विचारायचा?

आणि चौथं आपल्याच घरचं. रानडुकरं, हरणं, रोही. मोठा झालेला हरभरा एका रात्रीत हरणांचा कळप चरून जातो, भुईमुगाचे वाफे डुकरं उकरून ठेवतात. थंडीत जागल करणारा माणूस माळ्यावर घोंगडी पांघरून, हातात बॅटरी घेऊन, रात्रभर पत्र्याचा डबा बडवत बसतो, आणि त्याला सकाळी कुणी जैवविविधतेचं पोस्टर दाखवलं तर तो काय म्हणेल? भरपाई आहे, पण अर्ज, फोटो, पंचनामा, हेलपाटे, आणि हातात पडतं ते झालेल्या खर्चाला पुरत नाही. टिपेश्वरचा वाघ यवतमाळहून शेकडो किलोमीटर चालत २०२४ च्या शेवटी येडशीच्या रामलिंग घाटात आला तेव्हा शहरातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि ज्यांची जनावरं रानात बांधलेली होती त्यांनी रात्री जागून काढल्या. आनंद एकाचा आणि भीती दुसऱ्याची, हे वाटप चुकीचं आहे. मला पण तो वाघ आला याचा आनंद झाला, मनापासून झाला, पण त्या आनंदाची किंमत येडशीच्या गुराख्यानं एकट्यानं का भरायची?

शेवटचा एक मुद्दा राहतो, की निसर्गाची वाट लावली श्रीमंत देशांनी, मग पैसा पण त्यांनीच द्यावा, आपण का. निम्मं खरं आहे. डिसेंबर २०२२ मधे मॉन्ट्रियलला जैवविविधतेचा जो जागतिक करार झाला त्यात श्रीमंत देशांनी गरीब देशांना २०२५ पर्यंत वर्षाला २० अब्ज डॉलर आणि २०३० पर्यंत ३० अब्ज डॉलर द्यायचे असं लिहिलंय, आणि भारतानं तो आग्रह सोडायचं काहीच कारण नाही. पण अमेरिकेनं २०२५ मधे एका झटक्यात हात काढून घेतला तेव्हा कळलं की एका देशाच्या मर्जीवर टांगलेलं काम कसं असतं. भारतानं २०१२ मधे हैदराबादच्या जैवविविधता परिषदेत स्वतःहून ५ कोटी डॉलर जाहीर केले होते. तेव्हा आपली अर्थव्यवस्था आजच्यापेक्षा बरीच लहान होती. मागणाऱ्याच्या रांगेत कायम उभं राहायचं आणि व्यासपीठावर मात्र विश्वगुरू म्हणवून घ्यायचं, या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत. आणि जो पैसा घालतो तोच टेबलावर बसून ठरवतो की कुठलं बियाणं जपायचं, कुठलं औषध तपासायचं, कुठल्या पाखराचा मार्ग राखायचा. आपण टेबलावर नसलो तर तिथं तुरीचं नाव कोण काढणार? तूर मुख्यतः आपणच पिकवतो, आपणच खातो.

म्हणून मराठवाड्याच्या आठ खासदारांकडं मागायचं तर हे मागा. बिग कॅट अलायन्सच्या १५० कोटींत माळरानाचा आणि माळावरच्या जनावरांचा वाटा किती, तो नसेल तर घालायला लावा. इक्रिसॅटच्या बीजपेढीत भारत सरकार वर्षाला किती घालतं आणि यूएसएड गेल्यावर पडलेलं भगदाड कोण बुजवणार, याचं लेखी उत्तर घ्या. तुर्कस्तानातल्या रानटी हरभऱ्याच्या जागा राखायला भारत तिथल्या सरकारशी काही करार करणार आहे का, ते विचारा. परदेशातल्या संवर्धनाला जेवढा पैसा जाईल तेवढाच देशात पीक नुकसानीच्या भरपाईला वेगळा काढायचा, आणि तो तीस दिवसांत खात्यावर पडायचा, असा नियम मागा. आणि गिधाडांच्या औषधांचं. डायक्लोफेनॅक २००६ ला बंद झालं, पण गिधाडांना तसंच मारणारं अॅसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन बंद व्हायला २०२३ उजाडलं, मधली सतरा वर्षं ती औषधं आपल्याच गोठ्यात टोचली जात होती. जनावरांचं कुठलंही नवं दुखण्याचं इंजेक्शन बाजारात यायच्या आधी ते गिधाडांना चालतं का याची चाचणी सक्तीची करा आणि तिचा खर्च कंपनीकडून घ्या. नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तानात तेच औषध विकलं जात असेल तर त्यांच्याशी मिळून करा, कारण गिधाड एका दिवसात शंभर किलोमीटर सहज उडतं आणि पलीकडच्या गावातलं ढोर पण त्याच्यासाठी ढोरच असतं.